आवाज आत, माणूस बाहेर

अमेरिकेतील जॅझच्या रसिकांत एक लहानसा पण निष्ठावंत वर्ग आहे. १९६० आणि १९७० च्या दशकांतले एफएम ट्यूनर तो जपून ठेवतो, त्यांतले वाळलेले कपॅसिटर बदलून घेतो आणि मध्यरात्रीनंतर दिवा मंद करून जॅझ ऐकत बसतो. ट्यूनर म्हणजे केवळ प्रक्षेपण पकडणारा संच. त्याला स्वतःचा कर्णा नसतो. ध्वनिवर्धक जोडल्याशिवाय तो बोलत नाही. १९६४ साली आलेल्या मॅरँट्झ १०बी या व्हॉल्व्हच्या ट्यूनरवर एक छोटा पडदा होता. केंद्र नीट लागले की नाही, हे त्या पडद्यावरच्या रेषेवरून डोळ्यांना दिसे. १९७२ चा मॅकिंटॉश एमआर ७८ एकमेकांना खेटून असलेली केंद्रे वेगळी करण्यात वाकबगार मानला जातो. या रसिकाला विचारले, तर तो सांगेल की रात्रीच्या शांततेत, या यंत्रातून येणारा सॅक्सोफोन ऐकताना जग विसरायला होते. हा अनुभव त्याच्या दृष्टीने निखळ आनंदाचा आहे.

‘निखळ आनंद’ हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. मराठीतील प्रस्थापित समीक्षेने तो इतक्या वेळा वापरला आहे, की त्यातून काय गाळले जाते हे पाहण्याची तिला गरजच भासली नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या या मध्यरात्रीच्या आस्वादाकडे आपण समीक्षकाच्या नजरेने पाहिले पाहिजे. आनंद नाकारणे हा या पाहण्याचा हेतू नाही. ज्या समाजाच्या वाट्याला आनंदाचे क्षण मोजून आले, त्याने दुसऱ्याच्या आनंदावर उठावे असे काही कारण नाही. प्रश्न एवढाच आहे, की हा आनंद कशाचा बनलेला आहे आणि त्याची किंमत कोणी मोजली?

प्रथम यंत्राकडे पाहू. एफएमचा जनक एडविन आर्मस्ट्राँग १९१३ साली कोलंबिया विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडला आणि तेथेच संशोधन करीत राहिला. त्याच वर्षी जुलैमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात विद्यार्थी म्हणून दाखल झाले. यातून कसलेही नाते जोडायचे नाही. शेजार तेवढा ध्यानात घ्यायचा. कोलंबिया टेकडीवर आहे आणि तिच्या पायथ्याशी हार्लेम ही काळ्यांची वस्ती पसरली आहे. एकाच परिसरात ज्ञान, यंत्र आणि वर्णभेद कसे नांदतात, हे त्या परिसराइतके क्वचितच कोठे दिसेल.

१९३३ साली आर्मस्ट्राँगला एफएमचे पेटंट मिळाले. विजेचा कडकडाट किंवा मोटारीची खरखर लहरीची उंची कमीजास्त करते. एफएममध्ये संगीत लहरीच्या उंचीत नसून तिच्या कंपनसंख्येत साठवलेले असते. त्यामुळे उंचीतले चढउतार छाटून टाकले, तरी संगीताला धक्का लागत नाही. १९४५ साली सरकारने एफएमचा पट्टा वर सरकवला आणि लोकांनी घेतलेले जुने संच निकामी झाले. बड्या कंपन्यांशी न्यायालयात झुंजून थकलेल्या आर्मस्ट्राँगने १९५४ साली आत्महत्या केली. पुढे बरीच वर्षे स्वस्त संचांत आणि मोटारींत एएमच होते. एफएम हे सुस्थित घराचे लेणे राहिले. मॅरँट्झ १०बीची किंमत सहाशे डॉलरच्या आसपास होती. ज्यांच्या जगण्यातून हे संगीत निर्माण झाले, त्यांच्यापैकी किती घरांत ते यंत्र पोहोचू शकत होते, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

आता रात्रीकडे वळू. रसिकाला मध्यरात्र ही एक भाववृत्ती वाटते. ज्याने ते संगीत वाजवले त्याच्या दृष्टीने ती कामाची पाळी होती. न्यूयॉर्कचे क्लब पहाटे चारपर्यंत चालत. लोकांचे जेवणखाण, मद्यपान आणि गप्पा चालू असताना वाजवायचे, ते संपले की हार्लेममधल्या मिंटन्ससारख्या ठिकाणी जाऊन आपसांत वाजवायचे आणि उजाडताना घरी परतायचे, हा त्यांचा दिनक्रम. पुढे एफएम केंद्रांनी जॅझला रात्रीचे तास दिले, तेही बहुतेकदा जाहिरातदारांना नकोसे असलेले तास होते. ज्या शांततेची रसिक वाखाणणी करतो, तिच्यामागे बाजाराने टाकून दिलेला वेळ आहे. टाकून दिलेल्या वेळेवर आणि टाकून दिलेल्या जागेवर आपली कला उभारणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

रेडिओ आणि जॅझ यांचे नाते एफएमच्या आधीपासूनचे आहे. १९२७ च्या डिसेंबरात ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद हार्लेममधल्या कॉटन क्लबात रुजू झाला आणि तेथून होणाऱ्या रात्रीच्या प्रक्षेपणांनी त्याचे नाव देशभर गेले. क्लब काळ्यांच्या वस्तीत होता, वादक काळे होते, नाचणाऱ्या मुली काळ्या होत्या. गिऱ्हाईक मात्र गोरेच हवे होते. काळ्या माणसाला आपल्याच वस्तीतल्या त्या दारातून गिऱ्हाईक म्हणून आत जाता येत नव्हते. येथे रेडिओने एक विलक्षण गोष्ट केली. त्याने काळ्याचा आवाज गोऱ्याच्या दिवाणखान्यात नेला आणि शरीर दाराबाहेर ठेवले. आवाजाला स्पर्श नसतो, त्याची सावली पडत नाही. म्हणून त्याचा विटाळ होत नाही.

आपल्याकडे हे रेडिओशिवायही साधले होते. हलगीवाचून जत्रा निघत नसे, आणि हलगी वाजवणारा पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या पायरीशीच थांबवला गेला. देवाला त्याचा नाद चालत होता, तो माणूस चालत नव्हता. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेतले. ते या ओळखीमुळेच, केवळ अनुकरणाच्या हौसेने नव्हे.

कायदाही या विभागणीच्या बाजूने उभा होता. न्यूयॉर्कमध्ये १९४० पासून १९६७ पर्यंत क्लबात काम करणाऱ्याला पोलिसांकडून कॅबरे कार्ड घ्यावे लागे. ते काढून घेतले की, दारू विकणाऱ्या जागी वाजवणे किंवा गाणे बंद. बिली हॉलिडेला १९४७ साली मादक पदार्थांच्या खटल्यात शिक्षा झाली आणि तिचे कार्ड गेले. १९४८ साली ती कार्नेगी हॉलमध्ये गाऊ शकली. कोपऱ्यावरच्या क्लबात मात्र गाऊ शकत नव्हती. थेलोनियस मंकचे कार्ड १९५१ साली गेले, ते १९५७ साली परत मिळाले. त्या सहा वर्षांत त्याच्या ध्वनिमुद्रिका निघत होत्या, त्या रेडिओवर वाजवायला कायद्याची आडकाठी नव्हती. शहराला त्याचा पियानो चालत होता. पियानोपुढे बसलेला मंक चालत नव्हता.

१९५९ च्या ऑगस्टमध्ये बर्डलँड या क्लबाच्या दारात माइल्स डेव्हिसला पोलिसांनी मारून रक्तबंबाळ केले. कार्यक्रम त्याचाच होता. दोन डावांच्या मधल्या वेळात तो हवा खायला बाहेर उभा होता, एवढेच निमित्त. याच बर्डलँडमधून १९५० च्या दशकात मध्यरात्रीची थेट प्रक्षेपणे होत असत. क्लबातून निघालेला आवाज शहरभर निर्धास्त फिरत होता. माणसाला मात्र दारातल्या फूटपाथवर उभे राहण्याचीही मुभा नव्हती.

पैशाची कथा वेगळी नाही. अमेरिकन कायद्याप्रमाणे रेडिओ केंद्र ध्वनिमुद्रिका वाजवते तेव्हा मोबदला गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशकाला मिळतो. वाजवणाऱ्याला मिळत नाही. १९३९ साली कोलमन हॉकिन्सने ‘बॉडी अँड सोल’ वाजवले. मूळ चालीला सुरुवातीला जेमतेम स्पर्श करून पुढे तीन मिनिटांत त्याने सॅक्सोफोनवर जे उभे केले, ते त्याचे स्वतःचे होते. पण ती तबकडी रेडिओवर कितीही वेळा लागली, तरी कायदेशीर हक्क मूळ चाल बांधणाऱ्या जॉनी ग्रीनचा आणि गीतकारांचा. ज्या संगीतात ऐन वेळी निर्माण करणे हेच सर्वस्व आहे, त्यात निर्माण करणाऱ्यालाच कायदा निर्माता मानत नाही.

यावर सौंदर्यवादी समीक्षकाचे उत्तर ठरलेले आहे. संगीत या साऱ्याच्या पलीकडे असते, सुरांना जात नसते, रंग नसतो, असे तो म्हणेल. सुरांना रंग नसतो हे मान्य. परंतु सूर बनायला माणूस लागतो आणि त्या माणसाला रंग चिकटवलेला असतो. नूअर्क शहराचा कवी लेरॉय जोन्स, म्हणजे पुढचा अमीरी बराका, याने १९६३ साली ‘ब्लूज पीपल’ हा ग्रंथ लिहून काळ्यांच्या संगीतातून काळ्यांचा सामाजिक इतिहास मांडला. त्याच वर्षीच्या एका लेखात त्याने गोऱ्या समीक्षकांवर बोट ठेवले. त्यांनी संगीताची वाहवा करायला शिकून घेतले. ते संगीत ज्या जीवनदृष्टीतून आले ती समजून घेतली नाही, हा त्याचा आक्षेप होता. दलित साहित्याची भाषा ‘रांगडी, जिवंत’ म्हणून गौरवणारे आणि त्यातल्या आशयापाशी येताच घड्याळ पाहणारे रसिक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा आक्षेप भाषांतर करून सांगावा लागत नाही.

एफएमचा आणखी एक गुणधर्म आहे. एकाच जागी दोन केंद्रे आली, तर एएमवर दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून ऐकू येतात. दुबळा आवाज गोंगाटात का होईना, पण असतो. एफएमवर जे केंद्र प्रबळ तेच संपूर्ण ऐकू येते आणि दुबळे पार नाहीसे होते. ऐकणाऱ्याला दुसरे कोणी बोलत होते याचा पत्ताही लागत नाही. यंत्राच्या दृष्टीने हा गुण आहे. समीक्षेत मात्र हाच दोष ठरतो. ‘स्वच्छ’ आस्वादाचा अभिमान बाळगणाऱ्याने, आपल्या स्वच्छतेत कोणाचा आवाज गडप झाला, हे विचारले पाहिजे.

मग या आस्वादात घेण्यासारखे काहीच नाही काय? आहे, आणि ते महत्त्वाचे आहे. रात्रीच्या रेडिओवर असेही निवेदक झाले, ज्यांनी नावांचा आग्रह धरला. न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चने १९६१ साली डब्ल्यूआरव्हीआर हे एफएम केंद्र सुरू केले. हे तेच चर्च, जेथे १९६७ साली मार्टिन लूथर किंग यांनी व्हिएतनाम युद्धाचा निषेध केला. या केंद्रावर एड बीच हा ‘जस्ट जॅझ’ कार्यक्रमात एकेका कलावंताचे काम सलगपणे उलगडून दाखवी. कोलंबिया विद्यापीठाच्या डब्ल्यूकेसीआर केंद्रावर फिल शाप १९७० पासून २०२१ साली मृत्यू येईपर्यंत बोलत राहिला. कोणती तबकडी, कोणत्या दिवशी, तबल्याच्या जागी ड्रमवर कोण आणि बासवर कोण, हे तो इतक्या तपशिलाने सांगे, की काही श्रोते कंटाळत. तो गोरा होता. नाव घेण्यासाठी कातडीचा रंग आड येत नाही, याचा तो पुरावा आहे. मागे बसून ठेका धरणाऱ्याचे नाव रात्री दोन वाजता उच्चारले जाणे, ही लहान गोष्ट नाही. ज्याला कायद्याने मोबदला नाकारला, त्याला निदान कर्तृत्वाची नोंद मिळते.

पण दुसऱ्याने नाव घेण्यावर सारे भागत नाही. १९७० साली अंध वादक राहसान रोलंड कर्क आणि त्याचे सोबती दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांत प्रेक्षक म्हणून जाऊन बसले आणि मध्येच शिट्ट्या, बासऱ्या वाजवून त्यांनी चित्रण बंद पाडले. काळ्यांच्या संगीताला पडद्यावर जागा द्या, ही त्यांची मागणी होती. पुढे १९७९ साली नूअर्कमध्ये डब्ल्यूबीजीओ हे जॅझचे सार्वजनिक केंद्र उभे राहिले, तेव्हा कर्कची विधवा डॉर्थान कर्क सुरुवातीच्या मंडळींत होती. १९६७ च्या उठावात जळलेल्या शहरातून हा आवाज निघाला. उलट डब्ल्यूआरव्हीआर चर्चच्या हातून गेल्यावर १९८० च्या सप्टेंबरात नव्या मालकांनी तेथले जॅझ बंद करून गोऱ्यांच्या ग्रामीण वळणाचे ‘कंट्री’ संगीत सुरू केले. श्रोत्यांनी संघटना केली आणि न्यायालयापर्यंत दाद मागितली; केंद्र मात्र जॅझकडे परतले नाही. पाळीवरून घरी परतणारा आणि सहाशे डॉलरच्या ट्यूनरपुढे बसलेला, दोघेही त्या रात्री सारखेच मुके झाले. केंद्र कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न आस्वादाच्या बाहेरचा नाही, हे तेव्हा पुष्कळांना कळले असेल.

दलित समीक्षेने वेदनेचा आणि विद्रोहाचा विचार केला. आनंदाचा विचार तिने अभिजनांकडे सोपवून दिला, तर ती मोठी चूक होईल. मंक, हॉकिन्स, हॉलिडे यांनी केवळ दुःख वाजवले नाही. त्यांच्या सुरांत थट्टा आहे, ऐट आहे, प्रेम आहे, बुद्धीचा खेळ आहे. ते सर्व मनसोक्त ऐकण्याचा हक्क त्या रात्रीच्या रसिकाइतकाच आपलाही आहे. जुन्या ट्यूनरचा एकेक सुटा भाग पारखून, तो पुन्हा नेमका लावणारा माणूस तिरस्कार करण्याजोगा नाही. एवढी निगुती आदरालाच पात्र आहे. त्याच्याकडे मागणे एकच आहे. यंत्रातल्या प्रत्येक भागाचे नाव त्याला पाठ असते. तबकडीवर वाजवणाऱ्या प्रत्येकाचे नावही त्याला पाठ असावे, आणि त्या रात्री त्या माणसाला कोणत्या दाराने आत घेतले होते, हेही त्याला ठाऊक असावे. हे ठाऊक झाल्याने आनंद नासेल अशी भीती ज्याला वाटते, त्याचा आनंद संगीताचा नव्हता, विसरण्याचा होता.