कटर घेताना

भुदरगड-आजऱ्याकडं झाड पाडायच्या चेनसॉला ‘कटर’ म्हणतात. दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: “किती सीसीचा?” मला हा प्रश्नच उलटा वाटतो. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन झटक्यात तोंडाकडं उसळतं. त्या घटकेला सीसी कामाचे नाहीत. हातापुढचा ब्रेक साखळी थांबवतो का, एवढंच. स्वस्तातल्या मशीनचा ब्रेक ढिला झाला तरी मालक म्हणतो, “चालतंय की!” चालवणारा हजेरीचा गडी असतो, मालक न्हवं.

दुसरी पारख भुशाची. धारेची साखळी जाड कपचे टाकते. पीठ पडू लागलं की कानस घ्यावी. म्हणून साखळी, कानस, प्लग तालुक्याच्या गावात मिळतात का, हे आधी बघावं. जर्मनीची ‘स्टिल’, स्वीडनची ‘हुस्क्वार्ना’ नावाजलेल्या खऱ्या, पण त्यांनाही ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल मापूनच लागतं. आमच्याकडं ते अंदाजानं ओततात, मग पिस्टन धरला की कंपनीला शिव्या.

जुन्या मोठ्या करवतीला दोन माणसं लागायची. झाड कुरकुरलं की एक दुसऱ्याला हाक मारायचा. कटरच्या आवाजात ती कुरकुर ऐकूच येत नाही.