शहाडहून ‘तमस’ वाचताना

आजचा विषय मानसिक आघात, आणि त्यासाठी आम्ही भीष्म साहनींची हिंदी कादंबरी ‘तमस’ घेतली आहे. शहाडच्या श्रोत्यांपुढे हीच का? कारण तिची सुरुवात आपल्या शेजारी झाली. मे १९७० मध्ये खाडीपलीकडे भिवंडीत दंगल झाली. तिथली पडझड पाहताना साहनींना मार्च १९४७ची रावळपिंडी आठवली आणि त्यांनी लिहायला घेतलं. मध्ये तेवीस वर्षं गेली होती. माणूस कामाधंद्याला लागतो, वरून सगळं ठीक दिसतं. पण तसंच काही पुन्हा दिसलं की आतलं वर येतं.

१९७५ साली कादंबरीला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, १९८८ मध्ये गोविंद निहलानींनी ती दूरदर्शनवर आणली. बहुतेकांच्या लक्षात राहतो तो नत्थू. आम्हाला मात्र शेवटाकडचा मदत कार्यालयातला आकडेबाबू महत्त्वाचा वाटतो. माणसं त्याला घडलेलं सांगू पाहतात. त्याला हवे असतात फक्त आकडे: किती मेले, किती नुकसान. आघात झालेल्याला आधी ऐकणारा हवा असतो, हे साहनी उपदेश न करता दाखवतात. ही या कादंबरीची मोठी ताकद.

उणीव कुठे? गोष्ट मोजक्या दिवसांत संपते. पुढच्या वर्षांचं काय? झोप उडणं, मोठ्या आवाजाला दचकणं, मुलांपाशीही गप्प राहणं, हे तिच्यात जवळजवळ नाही.

ते शोधायला आपल्याला रूळ ओलांडून उल्हासनगरलाच जावं लागेल. फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथल्या लष्करी छावणीच्या बराकींत राहिले; १९४९ साली वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. सिंधची हकीकत पंजाबसारखी नव्हती. तिथे मुख्य घाव होता घर आणि आपल्या भाषेचा मुलूखच सुटण्याचा. आपण मात्र त्यांच्याविषयी दोनच गोष्टी बोलतो: धंद्यातली जिद्द आणि ‘मेड इन यूएसए’चा विनोद. कौतुक असो की चेष्टा, ऐकणं दोन्हीत नाही. म्हणजे आपणही आकडेबाबूच झालो, नाही का?

‘तमस’ जरूर वाचा. आणि घरात, शेजारी एखादं म्हातारं माणूस जुनं काही सांगू लागलं, तर ‘झालं ते झालं’ म्हणून त्याला तोडू नका. त्याला बोलायचं नसेल तर खोदूनही विचारू नका. नुसतं जवळ बसा.