सहिष्णुता कोणाची, कोणासाठी?

एम.ए.ला मिल्टनचा ‘अ‍ॅरिओपॅजिटिका’ आम्हांला स्वातंत्र्याची सनद म्हणून शिकविला गेला. पुढे मीही तो तसाच शिकवीत आलो. घरातला पहिलाच पदवीधर असल्यामुळे छापील शब्दावर माझा विश्वास जरा जास्तच होता. अलीकडे त्याच साली, म्हणजे १६४४ मध्ये, निघालेले रॉजर विल्यम्सचे ‘द ब्लडी टेनेंट’ शेजारी ठेवून वाचले, आणि या सनदेतून कोण वगळले गेले ते दिसू लागले.

तेव्हा इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांचे युद्ध चालू होते. चर्चचा नवा कारभार ठरविण्यासाठी १६४३ पासून वेस्टमिन्स्टर येथे धर्मपंडितांची सभा बसली होती. प्रेसबिटेरियनांना सबंध देशासाठी एकच चर्च आणि त्याच्या पाठीशी राज्याचा दंड हवा होता. इंडिपेंडंटांना प्रत्येक मंडळी स्वायत्त हवी होती. इरॅस्टियन मताचे लोक चर्चवरही पार्लमेंटचाच शेवटचा अधिकार मानीत. काठी कोणाच्या हाती असावी, हाच वादाचा मुख्य मुद्दा होता.

मिल्टनने छपाईपूर्वीच्या परवान्याला कडाडून विरोध केला; पण कॅथलिकांना सहिष्णुतेबाहेर ठेवले. १६५१ मध्ये तर तो स्वतःच एका सरकारी वृत्तपत्राला परवाना देत होता.

विल्यम्सने काठीच नाकारली. छळामुळे देश सोडून आलेल्यांनीच त्याला १६३५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधून हद्दपारीची शिक्षा दिली होती. राज्याने देहाचे व मालमत्तेचे रक्षण करावे, सदसद्विवेकाला हात लावू नये. ज्यू, तुर्क, मूर्तिपूजक यांच्याही नाही, ही त्याची भूमिका. त्याचे पुस्तक पार्लमेंटच्या हुकुमाने जाळले गेले. आमच्या अभ्यासक्रमात मात्र मिल्टनच आला.

तरीही विल्यम्सला मी देव्हाऱ्यात बसविणार नाही. ज्या नॅरगॅन्सेटांनी त्याला प्रॉव्हिडन्ससाठी जमीन दिली, ज्यांच्या भाषेवर त्याने १६४३ मध्ये पुस्तक लिहिले, त्यांच्याशीही झालेल्या युद्धानंतर, १६७६ मध्ये, पकडलेल्या मूळनिवासींना चाकरीसाठी विकण्याची व्यवस्था ठरविणाऱ्या समितीत तो होता. विवेकाचे स्वातंत्र्य मान्य करणाऱ्यालाही गुलामाचा देह दिसला नाही.

सहिष्णुतेत देणारा वर आणि घेणारा खाली, हे नाते कायम राहते. जो देतो तो काढूनही घेऊ शकतो. हक्काचे तसे नसते. म्हणून मित्रहो, मिल्टन जरूर वाचा, विल्यम्सही वाचा. पण प्रत्येक सनदेला एक प्रश्न विचारा: हिच्या दाराबाहेर कोण उभे आहे?