हळद, कडुनिंब आणि गाळलेली केमोथेरपी

मंडळी, आज आम्ही एकच व्हिडिओ तपासायला घेतला आहे. नोव्हेंबर 2024. माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू अमृतसरच्या पत्रकार परिषदेत सांगतात, पत्नीचा चौथ्या टप्प्यातला कर्करोग बरा झाला. मग आहाराची यादी येते: लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंब, तुळस. साखर बंद, दुधाचे पदार्थ बंद. ही क्लिप मोबाइलवर फिरू लागली, तेव्हा मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या 262 आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांना सह्यांचं पत्रक काढावं लागलं: याला भक्कम पुरावा नाही, उपचार लांबवू नका.

पतीचा आनंद खरा आहे, त्यावर आम्हाला काहीच म्हणायचं नाही. आमचा आक्षेप गोष्टीच्या मांडणीवर आहे. बाईंवर शस्त्रक्रिया झाली होती, केमोथेरपीही झाली होती. फिरलेल्या तुकड्यात श्रेय मात्र हळदीला. अशा व्हिडिओत आम्ही आधी एवढंच शोधतो: यादीच्या बरोबरीनं आणखी काय चाललं होतं? आणि हीच यादी पाळून जे वाचले नाहीत, ते कुठं आहेत? ते व्हिडिओ करत नाहीत.

साखरेचा मुद्दा जरा जास्त फसवा आहे, कारण त्यातलं अर्धं खरं आहे. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज भराभर ओढतात, हे ओटो वॉरबर्गनं शंभर वर्षांपूर्वीच दाखवलं. पेट स्कॅन त्यावरच चालतो. किरणोत्सारी खूण लावलेलं ग्लुकोजसारखं द्रव्य शिरेतून देतात आणि गाठ उजळते. पण म्हणून साखर सोडली की गाठ उपाशी मरेल? अहो, तुम्ही काहीच खाल्लं नाही तरी यकृत ग्लुकोज तयार करतं, रक्तातली साखर टिकवतं. गाठीला तिचा वाटा मिळतोच. उपाशी राहतो तो रोगी.

आणि केमोत तोंडाची चव जाते, वजन उतरतं. तेव्हा आहारतज्ज्ञ प्रथिनं वाढवायला सांगतात. शाकाहारी घरात ती बरीचशी येतात दूध, दही, पनीर यांतून. व्हिडिओनं नेमकं तेच ताटातून काढलं!

पुढं सिद्धूंनी खुलासा केला: आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानं आणि उपचारांना पूरक म्हणून होता. ती क्लिप तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे आली असेल. हा खुलासा किती जणांकडे आला? हात वर करा बघू.