ओळख, मैत्री आणि ‘कनेक्शन’

आजचा विषय समाजमाध्यमं आणि तिथं जोडली जाणारी माणसं. सत्तरी ओलांडलेला माणूस यावर बोलायला लागला की श्रोते मनातल्या मनात म्हणतात, आता हे ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ सुरू करणार. तसं मी म्हणणार नाही. आमच्या वेळीही नोकरी बहुधा ओळखीनंच लागायची.

मुंबईचं गिरणगाव बघा. कोकणातून, घाटावरून आलेला माणूस गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकायचा आणि त्यांच्यातलाच कोणी तरी त्याला जॉबरपुढे उभा करायचा. जॉबर म्हणजे कामगार भरती करणारा मुकादम. या व्यवस्थेत माया होती, पण ती बंदिस्तही होती. गाव, नातं, जात यांच्या बाहेरच्याला तिथं दार उघडणं कठीण. विणकाम खात्यात तर दलित कामगारांना मज्जावच होता; डॉ. आंबेडकरांनी त्या अन्यायाला वाचा फोडली. तेव्हा जुन्या ओळखीपाळखीचे गोडवे गाताना जरा जपून.

या पार्श्वभूमीवर २००३ साली आलेल्या लिंक्डइनकडे पाहायला हवं. ज्याचा मामा कंपनीत नाही, ज्याच्या घरात पदवी घेणारा तो पहिलाच, अशा मुलाला परक्या माणसाचं दार वाजवता येतं. ही काही लहान गोष्ट नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा १९७३ सालचा एक निबंध प्रसिद्ध आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यानं विचारलं, ज्यानं सांगितलं तो तुम्हाला कितीदा भेटायचा? वारंवार भेटणारा माणूस सहातल्या जेमतेम एकाच्या बाबतीत निघाला. कारण सरळ आहे. जवळच्या माणसाला आपल्याइतकंच ठाऊक असतं. नवी बातमी येते ती लांबच्या ओळखीतून.

मग माझी तक्रार कशाबद्दल आहे? कामापुरत्या ओळखीबद्दल नाही. कामापुरती ओळख मैत्रीचा वेष घेते, त्याबद्दल आहे.

ॲरिस्टॉटलनं ‘निकोमेकियन एथिक्स’मध्ये मैत्रीचे तीन प्रकार सांगितले: उपयोगासाठीची, आनंदासाठीची, आणि माणूस मुळात चांगला आहे म्हणून जडलेली. पहिलीला तो पाप म्हणत नाही. तो म्हणतो ते अधिक मार्मिक आहे. आपण एका प्रकारचे मित्र आहोत असं समजतो आणि प्रत्यक्षात दुसऱ्याच प्रकारचे असतो, तेव्हा भांडणं होतात.

समाजमाध्यमांची रचना नेमकी हीच गफलत वाढवते. फेसबुकनं प्रत्येक ओळखीला ‘फ्रेंड’ म्हटलं. लिंक्डइननं निदान ‘कनेक्शन’ हा कोरडा शब्द घेतला, पण कोणाला नोकरीत पाच वर्षं झाली की अभिनंदनाचं तयार वाक्य समोर येतं. बोट टेकवलं की झालं. पाठवणाऱ्यानं ते लिहिलेलं नाही, घेणाऱ्यालाही ते माहीत आहे. तरी दोघं आपुलकीचा प्रयोग पार पाडतात. मग सहा महिन्यांनी त्याच धाग्यावरून निरोप येतो, ‘सर, एक छोटं काम होतं.’ आणि समोरच्याला वाटतं, अरे, म्हणजे ते अभिनंदन यासाठी होतं होय! मागणाऱ्याला मागायची लाज वाटते आणि देणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं. खरं तर दोघांचंही चुकलेलं नसतं. नात्याचं नाव चुकलेलं असतं.

कांट म्हणतो, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका. त्यातल्या ‘केवळ’ या शब्दाकडे लक्ष द्या. एकमेकांचा उपयोग आपण रोजच करतो. रिक्षावाला, डॉक्टर, प्राध्यापक, सगळ्यांचाच. तो उघडपणे करावा आणि समोरच्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक ठेवावी, म्हणजे त्याचं माणूसपण शाबूत राहतं. साखर पेरून केलेल्या विनंतीत ही मोकळीकच हिरावली जाते.

म्हणून तरुणांना माझं सांगणं साधं आहे. अनोळखी माणसाला लिहिताना पहिल्या दोन ओळींत सांगा, मी कोण, मला काय हवं आहे आणि तुम्हालाच का विचारतो आहे. त्यात कमीपणा नाही. आणि खुर्चीत बसलेल्यांनो, ज्याला कोणी मामा नाही त्याच्या अशा पत्राला उत्तर द्या. नकार असला तरी द्या. ‘कनेक्शन’चा आकडा पाचशेच्या वर गेला की लिंक्डइन पुढची मोजदाद दाखवत नाही, नुसतं ‘पाचशेहून अधिक’ म्हणतं. उत्तराची वाट पाहणारा मात्र एकेकटाच असतो.

बाकीचं प्रश्नोत्तरांत बोलू.