तुच्छ पोठिल आणि आजारी खेमक

वर्षावासातील प्रवचनांत पोठिल थेरांची कथा पुष्कळदा ऐकावयास मिळते. धम्मपदाच्या मग्गवग्गातील २८२व्या गाथेच्या निमित्ताने अट्ठकथेने ती दिली आहे. सांगणाऱ्याचा निष्कर्ष बहुधा ठरलेला असतो : ग्रंथविद्या व्यर्थ, साधना तेवढी खरी. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवण्यात आले, त्याच्यापुढे विद्येला तुच्छ लेखणारा हा निष्कर्ष वारंवार मांडला जावा, हे आम्हांस चिंताजनक वाटते. म्हणून कथा खरोखर काय सांगते, हे येथे तपासावयाचे आहे.

पोठिल हे त्रिपिटकाचे जाणकार असून पाचशे भिक्षूंचे आचार्य होते. असे असूनही भगवान त्यांना येता-जाता ‘तुच्छ पोठिल’ म्हणत. ‘तुच्छ’ म्हणजे येथे रिकामा. या संबोधनाचे कारण अट्ठकथेतच आहे. इतरांना शिकविणाऱ्या या आचार्यांच्या मनात स्वतःच्या दुःखमुक्तीचा विचारही येत नव्हता. दोष विद्येचा नव्हता. पाचशे जणांना दिलेल्या विद्येतील काहीच देणाऱ्याकडे परत येत नव्हते, हा दोष होता. खजील झालेले पोठिल एकशेवीस योजने दूर असलेल्या अरण्यविहारात गेले. तेथील तीस भिक्षूंनी त्यांना एकाकडून दुसऱ्याकडे धाडले आणि अखेरीस ते सात वर्षांच्या, शिवणकाम करीत बसलेल्या सामणेरापाशी पोचले. त्या बालकाने वारुळाची उपमा दिली. वारुळाला सहा छिद्रे आहेत आणि आत घोरपड आहे. पाच छिद्रे बुजवून सहाव्यापाशी तिला धरावे. सहा इंद्रियद्वारांचा अर्थ जाणकार पोठिलांना तत्काळ उमगला. येथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ही उपमा इतक्या त्वरेने कळली, याचे कारण त्यांचे अध्ययनच होय. त्यांची विद्या फेकून दिली गेली नाही. ती प्रथमच त्यांच्या स्वतःच्या कामी आली.

तथापि या कथेविषयी आमचा एक आक्षेप आहे. उपदेशापूर्वी सामणेर पोठिलांना अंगावरील किमती चीवरासह तळ्यात उतरावयास सांगतो, आणि काठ भिजताच परत बोलावतो. ही आज्ञाधारकतेची परीक्षा आहे. येथे गुरू बदलला, परंतु गुरूने आज्ञा करावी व शिष्याने निमूट पाळावी हा संबंध तसाच राहिला. प्रश्न विचारण्यास तेथे जागा नाही. अट्ठकथेचे कथनकौशल्य मान्य करूनही, शिक्षक-विद्यार्थी संबंधाचा आदर्श म्हणून आम्ही ही कथा स्वीकारू शकत नाही.

तो आदर्श संयुत्तनिकायाच्या खन्धसंयुत्तातील खेमकसुत्तात आढळतो. कोसंबीच्या घोसितारामात अनेक थेर राहत होते आणि खेमक बदरिकारामात रुग्णशय्येवर होते. थेरांनी दासक नावाच्या भिक्षूकरवी प्रथम प्रकृती विचारली, मग प्रश्न केला : पाच उपादानस्कंधांपैकी कशाला तुम्ही आत्मा मानता काय? उत्तर आले की नाही. थेरांनी अनुमान काढले की मग खेमक अर्हत असले पाहिजेत. खेमकांनी ते नाकारले. ‘हा मी’ असे कोणत्याही स्कंधाविषयी आपण म्हणत नाही, तरी ‘मी आहे’ ही भावना अद्याप गेलेली नाही, असे त्यांनी कळविले. पुन्हा प्रश्न, पुन्हा निरोप. अखेर दासकाची ही धावपळ थांबवावी म्हणून आजारी खेमक स्वतः काठी टेकीत थेरांकडे गेले.

तेथे त्यांनी धुतलेल्या वस्त्राची उपमा दिली. मळलेले वस्त्र परीट ऊस, खार व शेण यांनी चोळून स्वच्छ पाण्यात धुतो. वस्त्र शुभ्र होते, तरी त्यात ऊस, खार, शेण यांचा सूक्ष्म गंध राहतो. मालक ते सुगंधी पेटीत ठेवतो, तेव्हा तो गंधही जातो.

हे सुत्त आम्ही कित्येक वर्षे शिकविले. ‘ऊस’ या पालि शब्दाला विद्यार्थी हसत, आम्ही ‘क्षार’ असा अर्थ लिहून देत असू आणि उरलेला गंध मळाचा आहे असे समजावीत असू. एका विहारातील वर्गात खारपाण पट्ट्यातून आलेल्या एक वृद्ध उपासिका बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “सर, हे तं आमची खारी माती. लुगडे तिनंच धुवत होतो आम्ही. मळ जाते, पण मातीचा वास राह्यतेच.” आम्ही ग्रंथ पुन्हा उघडला. मूळ पाठात गंध मळाचा नाहीच. तो मळ काढणाऱ्या द्रव्यांचा आहे. शब्द डोळ्यांपुढे होते, पण आम्ही ते वाचले नव्हते. ज्ञानाने अज्ञान धुतले जाते, परंतु ज्ञानाचा म्हणून एक दर्प मागे राहतो. ‘मी जाणतो, मी शिकवितो’ हाच तो दर्प, हे त्या दिवशी आम्हांस कळले, आणि ते आमच्याच वर्गात कळले.

सुत्ताचा शेवट या दृष्टीने वाचावा. खेमकांचे विवेचन चालू असतानाच साठ थेरांची चित्ते आस्रवमुक्त झाली आणि खेमकांचेही झाले. प्रश्नकर्त्यांचे अनुमान चुकले होते, उत्तर देणारा अपूर्ण होता. दोघांनी ते लपविले नाही, म्हणूनच दोघेही पार झाले. मिलिंदपञ्हात वृद्ध उपासिकेला धम्म सांगताना ती आणि तरुण नागसेन दोघेही स्रोतापन्न होतात, तो प्रसंगही याच जातीचा आहे. अंगुत्तरनिकायाच्या पञ्चकनिपातात मुक्तीची जी पाच आयतने सांगितली आहेत, त्यांत इतरांना धम्म शिकविणे हे एक आहे. विनयाच्या महावग्गात तर असा नियमच आहे की उपाध्यायाच्या मनात मिथ्यादृष्टी उत्पन्न झाल्यास शिष्याने ती दूर करावी.

आपल्यासमोर बाबासाहेबांचे उदाहरण आहे. १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक असलेले बाबासाहेब ते पद सोडून पुन्हा लंडनला विद्यार्थी म्हणून गेले. त्यांनी सिद्ध केलेला पालि कोश व व्याकरण महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात १९९८ साली प्रकाशित झाले. त्यांची पाने चाळताना एक आजन्म विद्यार्थी दिसतो.

आज पालिच्या वर्गांत तयार टिपणे उतरवून देणे आणि विहारांतील धम्मवर्गांत पाठ म्हणवून घेणे, एवढ्यावरच पुष्कळदा काम भागते. आम्हीही त्यातलेच. धम्मवर्ग चालविणाऱ्या बंधुभगिनींना आमची विनंती एवढीच आहे की प्रत्येक वर्गानंतर, विद्यार्थ्यांनी काय शिकले हे विचारण्यापूर्वी, आज त्यांनी आपणांस काय शिकविले हे स्वतःला विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर पोठिलांना मिळालेले संबोधन आठवावे.