‘करार’ हा शब्द आणि बायबलमधील वचननिष्ठा

मराठी बायबलाच्या दोन विभागांची ‘जुना करार’ व ‘नवा करार’ ही नावे इतकी रूढ झाली आहेत की, त्यांतील ‘करार’ या शब्दाचा अर्थ आपण सहसा तपासून पाहत नाही. मूळ अरबीत स्थैर्य व निश्चय असा अर्थ असलेला हा शब्द मराठीत व्यवहाराचा झाला. दोन पक्ष, त्यांच्या अटी, आणि एकाने अट मोडल्यास दुसऱ्याची सुटका, हे त्याचे अर्थक्षेत्र होय. हिब्रू ‘बेरीथ’चा आशय त्यात कितपत मावतो, हे येथे पाहावयाचे आहे.

हिब्रूत बेरीथ ‘कापतात’. उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायात अब्राहाम पशू कापून त्यांचे भाग समोरासमोर मांडतो; पण त्या भागांमधून तो स्वतः जात नाही. तो गाढ निद्रेत असता धुराची भट्टी व जळती मशाल तेथून जाते. या विधीचा उलगडा यिर्मयाच्या ३४ व्या अध्यायात होतो: भागांमधून जाणारा, वचनभंग झाल्यास त्या पशूची गती स्वतःवर ओढवून घेतो. दोन्ही उतारे एकत्र वाचले म्हणजेच ध्यानात येते की, येथे जबाबदारी एकाच पक्षाने पत्करली आहे.

सीनाय पर्वताजवळचा प्रसंग निराळा आहे. तेथे अटी आहेत व लोकांची संमतीही आहे. तेथे ‘करार’ हा शब्द पुष्कळसा शोभतो. परंतु लोकांनी तो मोडला असे सांगूनच यिर्मयाचा ३१ वा अध्याय नव्या कराराचे वचन देतो. व्यवहारातील करार जेथे संपावयाचा, तेथेच हा ग्रंथ पुढे सरकतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या ८ व्या अध्यायात हाच उतारा विस्ताराने उद्धृत झाला आहे, तो याच कारणाने.

ही अडचण ग्रीक भाषांतरकारांपुढेही होती. समान पक्षांतील तहास ‘सिंथेके’ हा शब्द उपलब्ध असता त्यांनी ‘दियाथेके’ हा एका पक्षाच्या व्यवस्थेचा शब्द निवडला. मृत्युपत्रासही तोच शब्द असल्यामुळे इब्रीकरांच्या पत्राच्या ९ व्या अध्यायातील युक्तिवाद त्यावर उभा राहू शकला. मराठीत हा श्लेष साधत नाही. शेजारच्या हिंदीने ‘वाचा’ हा शब्द घेऊन दिलेल्या शब्दाचे बंधन अधिक राखले आहे.

‘हेसेद’ या शब्दाचा प्रश्न याहून नाजूक आहे. स्तोत्र १३६ च्या सर्व २६ ओव्यांत तो पालुपदासारखा येतो. ‘दया’ या शब्दाने त्यातील मार्दव उतरते, बांधिलकी उतरत नाही. दया करणारा कोणास बांधलेला नसतो. स्तोत्र ८९ मध्ये ‘हेसेद’ व ‘एमुना’ (विश्वासूपणा) हे शब्द प्रत्येकी सात वेळा येतात. प्रारंभी त्यांनी स्तुती होते. शेवटी त्याच शब्दांनी, दाविदाला वाहिलेल्या शपथेचे काय झाले, असा जाब विचारला जातो. भाषांतरात हे शब्द ठिकठिकाणी बदलले तर तक्रारीचा आधारच नाहीसा होतो. ही तक्रार अश्रद्धेची नव्हे. वचनावर विसंबलेल्याचीच ती भाषा आहे.

नंदुरबार जिल्ह्यात या चर्चेस वेगळे वजन येते. नवापूर, अक्कलकुवा, धडगाव या भागांतील मावची, वसावी वा पावरी बोलणाऱ्या वाचकाला मराठी बायबल दुसऱ्या भाषेत वाचावे लागते. सावकाराच्या कागदांनी आदिवासींच्या जमिनी गेल्याचा इतिहास याच प्रदेशाचा आहे. १९७१-७२ नंतरची शहाद्याची चळवळ त्यातूनच उभी राहिली, आणि अशा जमिनी परत देण्यासंबंधीचा राज्याचा कायदा १९७४ चा आहे. अब्राहामास मिळालेले वचनही भूमीचेच होते. जेथे लेखी कराराने भूमी गेली, तेथे भूमी देणाऱ्याच्या निष्ठेस तोच शब्द वापरणे भाषादृष्ट्या निष्पाप नाही.

ग्रंथविभागांची नावे आता बदलावीत असे कोणी म्हणणार नाही. परंतु बोलींतील भाषांतरांनी ‘करार’ हा शब्द मराठीतून तसाच उचलू नये. त्या त्या समाजात शब्द देण्याची व तो पाळण्याची जी भाषा आहे, तिचा शोध आधी घ्यावा. मराठी भाष्यकारानेही ‘हेसेद’साठी एकच प्रतिशब्द सातत्याने योजावा. उताऱ्यांमधील संबंध शब्दांच्या पुनरुक्तीवर उभा आहे. ती पुनरुक्ती राखणे हे अनुवादकाचे पहिले कर्तव्य होय.